चिमटीला बोटं लागतात

चुडामणचा फोन आला तेव्हा शांतवन मागावर उभा होता. जळगावच्या त्या चटईच्या कारखान्यात मागांचा आवाज एवढा, की शेजारचा माणूस ओरडून बोलला तरी ओठांकडे बघून समजून घ्यावं लागतं. खिशात फोन थरथरला. त्यानं नाव बघितलं आणि बाहेर कडुनिंबाखाली आला.

"पाव्हणा, निंघा," चुडामण म्हणाला. "जसा शात तसा निंघा."

"काय झालं?"

"आठे या. मंग सांगस."

चुडामण म्हणजे त्याच्या बायकोचा, द्रौपदाचा, धाकटा भाऊ. एरवी फोन केला की आधी कापसाचा भाव सांगणार, मग गावातली भांडणं, आणि ठेवता ठेवता कामाचं काय ते बोलणार. आज त्यानं भाव सांगितला नाही. शांतवनला तेवढ्यावरूनच समजलं. तरी त्यानं विचारलं, "आहे, की गेली?" पलीकडून बायकांचा आवाज येत होता. तो आवाज ज्यानं एकदा ऐकलाय त्याला पुन्हा विचारावं लागत नाही.

द्रौपदा माहेरी गेली होती बिबड्या घालायला. तिचं गाव धुळ्याच्या पुढे, साक्री रस्त्याला. दर उन्हाळ्यात ती तिकडे जायची, भावजयांबरोबर ज्वारीच्या बिबड्या घालायची आणि वर्षभर पुरतील एवढ्या वाळवून डब्यात भरून आणायची. त्या दिवशी सकाळी गच्चीवर काम करता करता "जरा पडते" म्हणाली, खाली येऊन ओसरीतल्या खाटेवर आडवी झाली, आणि उठली नाही. हे सगळं शांतवनला नंतर समजलं. एसटीत बसला तेव्हा एवढंच ठाऊक होतं, की आता घाई करून काही उपयोग नाही, आणि तरी घाई होत होती.

पारोळ्याच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं, त्यात एक ट्रेलर आडवा झालेला. गाडी उन्हात उभी राहिली ती राहिलीच. फोनची बॅटरी गेली. धुळ्याला उतरून रिक्षा करून तो गावात पोचला, तर घरात फक्त बायका. एका पोरीनं नदीकडे बोट दाखवलं. तो धावत गेला. पांझरेच्या काठावर चिता धडधडून पेटलेली होती, आणि पुरुष लांब सावलीत बसले होते.

"थांबायचं ना रे," तो चुडामणला म्हणाला.

"किती थांबणार, पाव्हणा? ऊन देखा. तुमना फोन बी लागे नही."

"आमच्यात माती देतात. पेटी करतात. मी नेली असती तिला जळगावला. आई-बापाच्या शेजारी जागा आहे."

चुडामणनं डोळे पुसले. मनानं वाईट माणूस नव्हता तो. "राग नका मानू. पण तुमना चर्चमा तिनं नाव नही व्हतं ना. तीच सांगे, मी आठेनी बी नही, तठेनी बी नही, मी मधलीच शे. मंग मधलीले कोण नेणार? जवळ जे होते त्यांनी नेली."

ते खरंच होतं.

शांतवन जन्मानं ख्रिस्ती. त्याचा आजा मिशनच्या दवाखान्यात झाडूकाम करता करता ख्रिस्ती झाला, तेव्हापासून घरात तेच. द्रौपदा चटईच्या कारखान्यात काठाला पट्टी शिवायला आली आणि दोघांचं जुळलं. कोर्टात लग्न केलं. मूल झालं नाही. ती लग्नानंतर दर रविवारी त्याच्याबरोबर चर्चला येत होती. पहिल्या वर्षातच बाप्तिस्म्याच्या शिकवणीलाही बसली होती. शेवटच्या दिवशी जुन्या पाळकांनी तोंडी परीक्षा घेतली, आणि ती घरी आली ती हसत. "मनं उत्तर चुकनं," म्हणाली. "आता पुढच्या वेळी." ती पुढची वेळ आलीच नाही. त्यानं एकदोनदा विषय काढला, तर म्हणायची, "जाऊ द्या ना, मी येते ना तुमच्यासंगे." आणि येत राहिली. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची थाळी बाकावरून हातोहात फिरे. भाकरीचे बारीक तुकडे त्यात असत. बाप्तिस्मा झालेला नसला तर घ्यायचा नाही असा नियम. बायकांच्या बाजूला, बाकाच्या टोकाला द्रौपदा बसे. थाळी तिच्या हातात येई, ती ती पुढे देई. बोटं कडेला धरून, आत कुठे लागणार नाहीत अशी. इतकी वर्षं.

त्या दिवशी परत जायला गाडी नव्हती, म्हणून शांतवन तिथंच राहिला.

संध्याकाळी चुडामणची म्हातारी काकू कमलबाई पिठाचं ताट घेऊन ओसरीत आली. जिथं द्रौपदाचा जीव गेला होता तिथं तिनं जमीन सारवली, मधे दिवा लावला आणि भोवती चाळणीनं पीठ पसरलं. वरून टोपली झाकली. सकाळी टोपली काढायची आणि पिठावर काय उमटलंय ते बघायचं. गायीचं खूर दिसलं तर बाई गायीच्या जन्माला गेली, पाखराचा पाय दिसला तर पाखराच्या. शांतवन हे ऐकून होता. त्याच्या घरी असलं काही चालत नव्हतं.

कमलबाईनं त्याच्याकडे बघितलं. "जवाई, तुमना देवले चालत नसेल तर तिकडे तोंड करून बसा."

"चालू द्या, काकू," तो म्हणाला. "घर तुमचं आहे."

सकाळी टोपली काढली तेव्हा सगळे वाकून बघत होते. पीठ होतं तसं होतं. फक्त दिव्याच्या एका अंगाला बारीकशी खूण.

"चिडीना पाय," कमलबाई म्हणाली. "देखा, तीन बोटं. पाखरू व्हयनी मनी माय." आणि ती रडायला लागली. तिच्या रडण्यात समाधान होतं. बाई उडून गेली, सुटली.

शांतवन मागून बघत होता. तो पुढे झाला, उकिडवा बसला आणि पिठाजवळ वाकला.

तो पाय नव्हता. ती चिमूट होती. कोणीतरी अंगठा आणि दोन बोटांनी तिथलं पीठ उचललं होतं, चोळून बघितलं होतं, आणि थोडं परत टाकलं होतं. आणि अंगठ्याच्या बाजूला, खड्ड्याच्या कडेला, सुईनं ओढल्यासारखी एक रेघ होती.

द्रौपदाच्या उजव्या अंगठ्याचं नख उभं चिरलेलं होतं. कारखान्यात पट्टी शिवताना मशीनची सुई अंगठ्यातून आरपार गेली होती. जखम भरली, नख मात्र कायमचं दोन फाकांचं राहिलं, आणि अंगठ्याच्या पोटाला बारीक खड्डा. गिरणीतून दळण आलं की तिचं पहिलं काम तेच. डबा उघडायचा, चिमूट घ्यायची, चोळायची आणि गिरणीवाल्याला शिव्या द्यायच्या. प्रत्येक वेळी पिठावर ती खूण राहायची. शांतवननं ती इतक्या वेळा बघितली होती की कधी नीट बघितलीच नव्हती.

"दळण कुठलं हे?" त्यानं विचारलं.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. "गावनीच गिरणीनं," चुडामण म्हणाला. "काबरं?"

"जाड आहे."

चुडामणच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. नणंदेच्या नवऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला असं तिला वाटलं असणार, आणि तिचंही चुकलं नाही. शांतवननं दोन बोटांनी पीठ चोळून बघितलं. खरंच जाड होतं.

राख पांझरेत गेली. तो जळगावला आला.

घरी येऊन काही दिवस तो खानावळीत जेवला. मग एकदा शेजारणीनं त्याच्यासाठी कळण्याचं दळून आणलं, ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं, कारण भाकरी द्रौपदा त्याचीच करायची. "भाऊ, रोज खानावळीचं खाऊन पोट बिघडेल, येईल तशी थापा," म्हणाली. त्यानं डब्यात ओतलं, वरून हातानं सपाट केलं, झाकण लावलं. सकाळी उघडलं तर मधोमध चिमूट.

त्यानं खाटेखाली बघितलं, खिडकीला बघितलं, उंदराची बिळं बघितली. डब्याचं झाकण घट्ट बसणारं होतं. मग त्याला वाटलं, मीच झोपेत उठत असेन. म्हणून त्यानं त्या खुणेशेजारी आपली चिमूट घेऊन बघितली. त्याची बोटं मागावर काम करून जाड झालेली, त्याच्या चिमटीत दुप्पट पीठ आलं आणि खड्डा गोल पडला. त्यात रेघ नव्हती.

भीती वाटली का? वाटली. पण भूत म्हणून नाही. त्याला लहानपणापासून शिकवलं होतं की मेलेलं माणूस प्रभूजवळ जातं, ते घराभोवती फिरत नाही. आणि तिथंही आत्माच जातो, देह इथं राहतो, शेवटच्या दिवसापर्यंत. हे त्याला पाठ होतं, आणि ते खरं आहे असं तो मानत होता. पण आत्म्याला बोटं नसतात. चिमटीला बोटं लागतात. तिची बोटं पांझरेतून वाहून गेली होती. मग हे कोण करतंय, आणि कशानं? आणि जर तिला बोटं नाहीतच, कधीच नसणार असतील, तर शेवटच्या दिवशी तरी तो कोणाला भेटणार होता? त्याला तिचा आत्मा नको होता. त्याला ती पाहिजे होती, चिरलेल्या नखाची. ती मिळणार आहे की नाही, एवढंच त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं.

शुक्रवारी दुपारी कुंदाबाई आली. चर्चमध्ये द्रौपदाच्या शेजारी बसणारी ती. तिला रडायला येत होतं आणि बोलायलाही, आणि ती दोन्ही एकदमच करत होती.

"काय बाई होती! आम्ही शिकवणीला एकत्र होतो ना. मी पास, ती नापास. पास होऊन मी काय दिवे लावले ते मलाच ठाऊक."

"कशात नापास झाली ती?" शांतवननं विचारलं. "मला कधी सांगितलं नाही तिनं. उत्तर चुकलं एवढंच म्हणाली."

"अहो, पाळकांनी विचारलं, देवाला शरीर आहे का. आम्हाला पाठच होतं. नाही, देव आत्मा आहे. सगळ्यांनी तेच सांगितलं. हिची पाळी आली तर ही म्हणते, शे. पाळक म्हणाले, नीट विचार कर. ही म्हणते, विचार केला. ज्याले आंग नही त्याना पाय कसा धरू?"

शांतवन पुढे सरकून बसला.

"आम्ही हसलो. ती पण हसली. मग अंगठा दाखवून म्हणते, त्याच्या हातालाही भोक आहे, माझ्या अंगठ्यालाही आहे, भेटलो की ओळख पटेल. तिथवर पाळकही हसत होते. मग म्हणाली…" कुंदाबाई थांबली. "मग ती जे बोलली त्यानं ते भडकले."

"काय बोलली?"

"म्हणाली, देव आंगमा उना, म्हणूनच तर आपण नाताळ करतो."

"मग?"

"मग काय! 'अंगात येणं मंडळीत चालणार नाही' म्हणाले. 'तुझ्या आईच्या अंगात येतं ते मला माहीत आहे, ते उंबऱ्याबाहेर ठेवून ये' म्हणाले. ही बघतच राहिली. हिला काही समजेना ते का चिडले. मी पण तेव्हा नवीन, मला वाटलं खरंच काहीतरी देवीबिवीचं बोलली."

शांतवनच्या लक्षात आलं, आणि तो उठून पाणी प्यायला गेला, कारण कुंदाबाईपुढे बसवेना.

जुने पाळक नगरकडचे. देवभीरू माणूस, पण अहिराणी त्यांना शेवटपर्यंत आली नाही. द्रौपदाच्या बोलीत आंग म्हणजे शरीर. देव आंगमा उना म्हणजे देव शरीरात आला, माणूस झाला. दर नाताळला चर्चमध्ये जे शुद्ध मराठीत गातात तेच ती आपल्या बोलीत बोलली होती. पाळकांनी त्यात केस मोकळे सोडून घुमणारी बाई बघितली. द्रौपदाची आई खरोखरच घुमायची, म्हणून त्यांना ते बघायला सोपं गेलं. ते आता हयात नाहीत. त्यांना जाऊन सांगायची सोय नव्हती.

आणि द्रौपदा? देवाला आंग आहे असं म्हटल्याबद्दल, त्याचं शरीर म्हणून फिरणाऱ्या भाकरीची थाळी तिनं जन्मभर पुढे सरकवली.

नवे पाळक तेजस म्हणून होते. तरणे, नुकतेच आलेले, शांतवनपेक्षा कितीतरी लहान, पण तो त्यांना साहेबच म्हणे. तो गेला तेव्हा ते बनियनवर कूलरला नवी, भिजवून घेतलेली वाळ्याची जाळी बसवत होते.

"या भाऊ, बसा. एवढं धरता का? हं, असंच. एकट्याला होत नाही हे."

शांतवननं जाळी धरली. आणि धरल्या धरल्याच विचारलं, "साहेब, देवाला शरीर आहे का?"

तेजसनी वर बघितलं. ते थट्टा करणार होते, पण थांबले. "नाही. देव आत्मा आहे. शास्त्रात त्याचा हात, त्याचा डोळा असं येतं, ते आपल्याला समजावं म्हणून. तुम्हाला हे माहीत आहे."

"आणि येशूला?"

"त्याला होतं. तो माणूस झाला."

"होतं की आहे?"

तेजस हातातला स्क्रू तसाच धरून उभे राहिले. "आहे," ते म्हणाले. "तो उठला तो शरीरानंच. शिष्यांना वाटलं भूत आहे, तर त्यानं त्यांच्यादेखत मासा खाल्ला. स्वर्गात गेला तोही शरीर घेऊनच. ते त्यानं काढून टाकलेलं नाही. मंडळीची शिकवण पहिल्यापासून हीच आहे."

"जखमा?"

"जखमांसकट."

"आणि येशू देव आहे."

"आहे."

"मग देवाला शरीर आहे."

तेजस हसले, पण हसू पूर्ण झालं नाही. "भाऊ, दोन्ही खरं आहे. देव म्हणून त्याला शरीर नाही. पण पुत्रानं ते घेतलं आणि ठेवलं. शिकवणीत आम्ही आधी 'नाही' शिकवतो, म्हणजे लोकांनी दगडाला देव समजू नये. पुढच्या धड्यात नाताळ येतो."

"माझ्या बायकोनं पुढच्या धड्यातलं उत्तर आधी दिलं," शांतवन म्हणाला, आणि कुंदाबाईनं सांगितलेलं सगळं त्यानं सांगितलं. पिठाचंही सांगितलं. नखाचं सांगितलं. जाळी दोघांच्या हातात तशीच राहिली, वाळ्यातलं पाणी कोपरांवरून ओघळत होतं.

तेजसनी जाळी काढून खाली ठेवली. "देव आंगमा उना," ते हळूच म्हणून बघत राहिले. "याहून सोपं मला सांगता येणार नाही." मग म्हणाले, "तिचं चुकलं नव्हतं, भाऊ. मी हे रविवारी मंडळीपुढे सांगेन."

"ती उठेल का? शरीरानं? तिची तर राख झाली, साहेब. पाण्यात गेली."

"बुडालेले, जळालेले, जनावरांनी खाल्लेले, सगळेच आहेत. ज्यानं मातीतून केलं त्याला राख अवघड नाही."

"नखासकट?"

"त्याच्या हाताच्या खुणा राहिल्या," तेजस म्हणाले. "तिच्या का नाही राहणार? पण हे मी खात्रीनं सांगू शकत नाही. मला आशा आहे एवढं सांगतो."

शांतवनला त्याचं बरं वाटलं. खात्री दिली असती तर त्याचा विश्वास बसला नसता. तो थोडा वेळ बसला आणि ज्यासाठी आला होता ते बोलला. "मग तिला आता बाप्तिस्मा द्या."

तेजसनी कोपरावरचं पाणी पुसलं. "मेलेल्यांना आपण देत नाही, भाऊ."

"तुमच्याच माणसाच्या चुकीनं राहिला."

"हो. आमच्या चुकीनं राहिला. पण पाणी शरीरावर पडावं लागतं."

"म्हणजे देवाला राख चालते, आणि तुम्हाला शरीर लागतं."

"मी देव नाही ना, भाऊ," तेजस म्हणाले. "मला पाणी कशावर तरी ओतावं लागतं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. शांतवनला त्यांची दया आली, आणि आपण इथं दया करायला आलो नव्हतो याचा रागही आला.

उठताना त्यानं विचारलं, "मग आत्ता तिला बोटं नाहीत?"

"आत्ता ती प्रभूजवळ आहे. शरीर शेवटच्या दिवशी."

"मग पीठ कोण बघतं?"

"मला माहीत नाही," तेजस म्हणाले. "पण एकट्या माणसानं दळण आणून ठेवू नये, करून खावं."

रविवारी तेजसनी सांगितलं. जास्त लांबवलं नाही. द्रौपदा ही आपल्या मंडळीतली होती, तिचा बाप्तिस्मा आपल्या न समजण्यामुळे राहिला, याबद्दल मंडळीनं देवाजवळ क्षमा मागावी. काही माना खाली गेल्या, काही माना शांतवनकडे वळल्या. महिन्याचा पहिला रविवार होता, मग थाळी निघाली. बायकांच्या बाजूला कुंदाबाईनं तुकडा घेतला आणि सवयीनं थाळी शेजारी केली. शेजारी कोणी नव्हतं. पुढच्या बाकापर्यंत तिचा हात पोचेना, म्हणून तिनं थाळी रिकाम्या जागेवर टेकवली आणि ती उठून वळसा घालून यायला लागली. तेवढा वेळ थाळी द्रौपदाच्या जागी होती. शांतवन पलीकडच्या बाजूनं बघत होता. काही झालं नाही. एकही तुकडा हलला नाही. कुंदाबाईनं थाळी उचलून पुढे दिली.

सोमवारी त्यानं नवं दळण आणलं. स्वतः गिरणीत उभा राहिला. "बारीक काढ," म्हणाला. "बाईसारखं बोलायला लागले तुम्ही," गिरणीवाला म्हणाला. "ती तर म्हणायची, हे पीठ आहे का वाळू? आता कोण शिव्या देणार आम्हाला?"

"देईल," शांतवन म्हणाला.

मंगळवारी सकाळी त्यानं डबा उघडला. चिमूट होती. पीठ बारीक असल्यानं या वेळी फार स्पष्ट होती. दोन बोटांच्या रेषा दिसत होत्या, अंगठ्याच्या पोटाचा बारीक उंचवटा, जिथं तिच्या अंगठ्याला खड्डा होता तिथं, आणि नखाची रेघ. चोळून परत टाकलेलं पीठ थोडं कमीच होतं. पीठ आवडलं असावं.

तो डब्यापुढे बसला. पाणी कशावर तरी ओतावं लागतं असं पाळक म्हणाले होते. हे काहीतरी होतं. तिच्या शरीराचं सबंध जगात एवढंच राहिलं होतं, अंगठ्याएवढं, दहा रुपयांच्या दळणावर. जीव धोक्यात असेल आणि पाळक जवळ नसतील तर कोणाही विश्वासणाऱ्यानं पाणी द्यावं, शब्द म्हणावेत, असं त्याच्या बापानं त्याला सांगितलं होतं. शब्द त्याला पाठ होते. आपल्या बहिणीच्या बाप्तिस्म्याला ते त्यानं बाकावर उभं राहून ऐकले होते.

त्यानं तांब्या भरून आणला. उजव्या तळव्यात पाणी घेतलं. "द्रौपदा," त्यानं हाक मारली. इतक्या दिवसांत मोठ्यानं पहिल्यांदाच. घर ऐकत असल्यासारखं शांत झालं. बाहेर कोणाचा तरी हातपंप चालू होता तोही थांबला. आपल्या मागे, मानेजवळ, पिठाचा आणि रॉकेलचा वास आला. लग्नाच्या सुरुवातीला त्यांच्याकडे स्टो होता तेव्हा तिच्या पदराला यायचा तसा. त्यानं मागे बघितलं नाही. मागे बघितलं आणि ती नसली तर पुन्हा तेच सगळं, आणि असली तर काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं.

त्यानं हात डब्यावर आणला. शब्द तोंडात आले.

आणि त्याच्या लक्षात आलं की पिठावर पाणी पडलं की त्याचा गोळा होतो. खूण राहत नाही. एक थेंब पडला तरी अंगठा जाईल, रेघ जाईल, आणि तिचं जे काही उरलंय ते भाकरीचं पीठ होईल. पाणी दिलं तर ती त्या मंडळीची होईल आणि त्याच्याकडे काही उरणार नाही. नाही दिलं तर ती इथं राहील, मधलीच.

तळवा गळत होता. पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं, कोपरावरून मांडीवर पडलं. डब्यात पडणार नाही असा हात त्यानं बाजूला घेतला. मग उरलेलं पाणी तांब्यात परत टाकलं.

मागचा वास गेला होता.

त्यानं झाकण लावलं. तेव्हापासून तो पुन्हा खानावळीत जेवतो. तेजस भेटले की विचारतात, "करून खाता ना भाऊ?" आणि तो हो म्हणतो. डबा फडताळात वरच्या फळीवर आहे. तो उघडत नाही, कारण खूण तशीच असेल की नसेल ते त्याला बघायचं नाही. तांब्या डब्याशेजारीच ठेवलेला आहे, त्यातलं पाणी तो रोज बदलतो.

द्रौपदाचा बाप्तिस्मा अजून झालेला नाही.